सेनापती बापटांच्या हातात पिस्तूल होते, पण कशासाठी? पारनेरच्या क्रांतिकारकाची गोष्ट आणि शस्त्र परवान्याचा कायदा

संगमनेर : गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे जप्त, तरुण ताब्यात. जिल्ह्याच्या बातम्या लावताना हे वाक्य इतक्या वेळा समोर येते की ते आता डोळे मिटून टाइप होते. गाव बदलते, वय बदलते, बाकी मजकूर तोच. कट्टा कशाला बाळगला, याचे उत्तरही बहुतेक वेळा ठरलेले असते. स्वसंरक्षणासाठी.

दुसऱ्या बाजूला सरळ मार्गाने परवाना मागणारेही आहेत. नाशिक-पुणे महामार्गावरून रात्री रोकड घेऊन परतणारा व्यापारी, उसाच्या मळ्यात एकट्या वस्तीवर राहणारे कुटुंब, जमिनीच्या वादात धमक्या आलेला माणूस. यांची भीती खोटी नसते. कमरेला एखादे पिस्तूल असते तर बरे झाले असते, असे त्यांना वाटणे समजण्यासारखे आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाच्या आयुष्यात पिस्तूल दोनतीनदा आले आणि गेले. त्याने ते लपवून कमरेला लावले नाही आणि स्वतःच्या बचावासाठीही वापरले नाही. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट. मुंबईत आणि पुण्यात त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, त्या रस्त्यांवरच्या ऑफिसांत आपल्याकडची कितीतरी मुले नोकरी करतात. पण हा माणूस पारनेरचा, हे अनेकांना ठाऊक नसते. क्रांतिकारकांच्या जयंतीला पिस्तुलाचे चित्र टाकून स्टेटस ठेवणाऱ्यांनी तर ही गोष्ट नीट वाचावी.

पारनेर ते एडिंबरो

बापटांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 चा, पारनेरमधला. घर मूळचे रत्नागिरीकडचे, परिस्थिती बेताची. त्यांच्या जन्माआधी दोन वर्षे, 1878 मध्ये, व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात हिंदुस्थानात शस्त्र कायदा आला होता. आजच्या परवाना पद्धतीचे मूळ तिथे आहे. परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल बाळगणे गुन्हा ठरला. पण नियमांत एक मोठी फट ठेवली होती. युरोपियनांना आणि काही ठराविक वर्गांना परवान्याची गरजच नव्हती. म्हणजे एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांपैकी गोऱ्या माणसाच्या खिशातले रिव्हॉल्व्हर कायदेशीर आणि देशी माणसाच्या घरातली आजोबांची बंदूक बेकायदा. काँग्रेसच्या सुरुवातीच्या वर्षांपासून या भेदाविरुद्ध ठराव होत राहिले. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर लगाम घालणारा कायदाही त्याच 1878 सालचा, हे जाता जाता.

बापट शिकायला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गेले. तेवढ्यात प्लेग आला. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँड यांच्यावर 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, तेव्हा बापट 16 वर्षांचे होते. प्लेगमुळे त्यांना मॅट्रिकसाठी नगरला यावे लागले. परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तिथे चाफेकरांच्या गटाशी संबंध असलेल्या मित्रांच्या संगतीत त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशासाठी लढण्याची शपथ घेतली. वय विशीतले. अशा शपथा त्या काळात अनेक तरुणांनी घेतल्या. बापटांनी ती पुढची 65 वर्षे सोडली नाही, एवढाच फरक.

1904 मध्ये मंगळदास नथूभाई शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले आणि एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकू लागले. इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन भलत्याच वाटेला लागलेले लोक आज घरोघरी सापडतात (हा मजकूर लिहिणाराही त्यातलाच), पण बापटांची वाट जरा जास्तच वेगळी होती. तिथल्या रायफल क्लबमध्ये ते नेमबाजी शिकले. हिंदुस्थानात ज्या गोष्टीसाठी देशी तरुणाला परवाना मिळणे मुश्कील होते, ती एडिंबरोत क्लबचा सभासद होऊन शिकता येत होती.

हिंदुस्थानातील दारिद्र्य आणि ब्रिटिश राजवट यांवर त्यांनी जाहीरपणे केलेली मांडणी सरकारला खटकली आणि शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनला इंडिया हाउसमध्ये त्यांची गाठ विनायक दामोदर सावरकरांशी पडली.

पॅरिसची पुस्तिका

इथून पुढचा भाग सिनेमासारखा वाटतो, पण त्याचा शेवट सिनेमासारखा नाही.

सावरकरांच्या सांगण्यावरून बापट पॅरिसला गेले. तिथे बंगालमधून आलेले हेमचंद्र दास कानूनगो होते. झारच्या विरोधात लढणारे रशियन क्रांतिकारक तेव्हा पॅरिसमध्ये आसऱ्याला होते. त्यांच्याकडून या हिंदुस्थानी तरुणांनी बॉम्ब बनवण्याची माहिती मिळवली. मूळ पुस्तिका रशियन भाषेत, तिचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, प्रती काढल्या. लंडनचे पार्लमेंटच उडवून द्यावे, असा विचारही बापटांच्या मनात एका टप्प्यावर होता. 1908 च्या सुरुवातीला ती पुस्तिका घेऊन ते हिंदुस्थानात परतले.

तिच्या प्रती किती दूर गेल्या, हे पुढे पोलिसांच्या छाप्यांत दिसले. एक प्रत कलकत्त्याजवळच्या माणिकतळ्याच्या बागेत सापडली. दुसरी 1909 मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत मिळाली. संगमनेरहून तासा-दीड तासावरचे हे नाशिक त्या वर्षी साऱ्या देशाच्या नजरेत होते. लंडनहून सावरकरांनी पाठवलेली 20 ब्राउनिंग पिस्तुले त्याच वर्षी गुप्तपणे मुंबईत उतरली होती. त्यांतल्या एकाने 18 वर्षांच्या अनंत कान्हेरेने 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांना ठार केले. रंगभूमीवर संगीत शारदाचा प्रयोग होता. कान्हेरेला 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

ब्राउनिंगच का? रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणाऱ्या दंडगोलात पाच-सहा काडतुसे असतात, त्यामुळे ते जाडजूड होते. बेल्जियममध्ये बनणारे ब्राउनिंग नव्या पद्धतीचे होते. गोळी सुटताना जो धक्का मागे बसतो, त्याच धक्क्याने रिकामे टरफल बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप नळीत बसते. काडतुसांची चपटी पेटी मुठीत जाते. शस्त्र सपाट, कोटाच्या खिशात मावणारे. लपवून नेता येणारे पिस्तूल ही आज आपल्याला जुनी गोष्ट वाटते. तेव्हा ती दहाएक वर्षांची, आजच्या भाषेत अगदी ताजी टेक्नॉलॉजी होती.

पण बापटांचे आयुष्य वळले ते या पिस्तुलांनी नाही, त्याआधीच्या एका बॉम्बने. 30 एप्रिल 1908 ला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफोर्ड यांच्या घोडागाडीवर बॉम्ब टाकला. गाडी दुसऱ्याची निघाली. आत केनेडी मायलेकी होत्या, दोघीही मेल्या. ज्याच्यासाठी सगळी तयारी झाली तो न्यायाधीश सुखरूप राहिला.

पाठोपाठ कलकत्त्यात धरपकड झाली. नरेंद्रनाथ गोसाईं माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने दिलेल्या नावांत बापटांचेही नाव आले. या गोसाईंला अलीपूरच्या तुरुंगातच, पहारा असताना, कन्हैयालाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी चोरून आणलेल्या रिव्हॉल्व्हरने मारले. शस्त्र आत कसे पोहोचते आणि पहारेकरी असून माणूस कसा मरतो, याचे हे जुने उदाहरण. बापट तोवर भूमिगत झाले होते.

चार वर्षे फरार, आणि एक शोध

1908 ते 1912 या काळात बापट नाव बदलून, वेश बदलून देशभर फिरले. घरच्यांना पत्ता नाही. 1912 मध्ये इंदूरला ते पकडले गेले. काही काळ कैद, चौकशा आणि मग सुटका.

फरारी माणसाला पिस्तूल जवळ असावे असे कुणालाही वाटेल. बापटांच्या या चार वर्षांतून त्यांच्या हाती जे लागले ते वेगळेच होते. खेड्यापाड्यांतून फिरताना त्यांच्या ध्यानात आले की आपण परक्या राज्यात राहतो, याचीच बहुसंख्य लोकांना जाणीव नाही. ज्यांच्यासाठी सरकार उलथायचे, त्यांना ते उलथायला हवे असे वाटतच नसेल, तर दोनचार साहेब मारून काय होणार? ही जाणीव झाल्यावर त्यांनी बॉम्बचा रस्ता बाजूला ठेवला. हिंसा कायमची वाईट, असे ते गांधींसारखे म्हणाले नाहीत. आधी माणसे जागी करावी लागतील, एवढेच त्यांनी ठरवले.

सुटल्यावर ते पारनेरला आले. आता हा भाग आजच्या भाषेत व्हायरल होणारा नाही, पण माझ्या मते त्यांच्या धाडसाचा कस इथेच लागला. पहाटे उठून हातात खराटा आणि फावडे घेऊन ते गावचे रस्ते झाडत. शौचकूप साफ करत. 1914 मध्ये मुलगा झाला तेव्हा बारशाची पहिली पंगत त्यांनी तेव्हाच्या अस्पृश्य समाजातल्या लोकांची बसवली. शंभर वर्षांपूर्वीच्या तालुक्याच्या गावात, ब्राह्मण घरातल्या, विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने हे करणे म्हणजे सगळ्या गावाशी वैर. मागे पोलिसांचा ससेमिरा होताच. अंगरक्षक नाही, शस्त्र नाही.

पुढे पुण्यात त्यांनी चित्रमयजगत्‌मध्ये आणि टिळकांच्या मराठा या इंग्रजी पत्रात काम केले. म्हणजे काही काळ ते आमच्याच धंद्यात होते. मुंबईत झाडूवाल्या कामगारांच्या संपात ते उतरले, अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करत फिरले. 1920 मध्ये पत्नी गेली.

मुळशीत पिस्तूल परत का आले?

सेनापती ही पदवी बापटांना मिळाली ती मुळशीत, धरणाविरुद्धच्या लढ्यात.

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी खोऱ्यात नीला आणि मुळा नद्यांच्या पाण्यावर टाटा कंपनीला वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचे होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. पन्नासहून अधिक गावे आणि सुपीक भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या दिमतीला दिला. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि बापट हे त्याचे चेहरे. धरणग्रस्तांचा जगातला हा अगदी सुरुवातीचा संघटित लढा मानला जातो. निळवंडे आणि भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या भागाने हे जरूर लक्षात घ्यावे. आपल्याकडच्या पाटात येणाऱ्या पाण्याखालीही कुणाची तरी गावे आहेत.

पहिली दोन वर्षे लढा निःशस्त्र होता. लोक रुळांवर, खड्ड्यांत बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. बापटही गेले. पण लढा आतून फुटत गेला. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्या सावकारांना भरपाईचा भाव वाढवून घेण्यात रस होता, कसणाऱ्या कुळांच्या हाती काहीच येणार नव्हते. भरपाई घेऊन एकेक जण बाजूला होत गेला. पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांचा उत्साहही ओसरला.

लढा हरल्यात जमा होता तेव्हा बापटांनी शस्त्र उचलले. 9 डिसेंबर 1924 रोजी त्यांनी पाच साथीदारांसह धरणाच्या कामासाठी टाकलेल्या रेल्वेमार्गावर दगड रचले आणि पिस्तूल व तलवार घेऊन गाडी अडवली. त्यानंतर ते पळाले नाहीत. पोलिसांनी शोधण्याची वाट न बघता स्वतः हजर झाले. सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात भोगली.

1908 मध्ये केवळ नाव आले म्हणून चार वर्षे भूमिगत राहिलेला माणूस 1924 मध्ये शस्त्रानिशी गाडी अडवून स्वतः पोलिसांपुढे उभा राहतो. मधल्या 16 वर्षांत त्यांच्या मनात काय बदलले, ते त्यांच्या शुद्ध सत्याग्रह नावाच्या विचारात दिसते. ज्याला अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलावेसे वाटते त्याने ते उघड उचलावे, लपू नये, त्याची पूर्ण जबाबदारी आणि शिक्षा घ्यावी, असा त्याचा गाभा. गांधींच्या अहिंसेत हे बसत नव्हते. सहकाऱ्यांपैकीही अनेकांना ते पटले नाही. मला विचाराल तर ते पटण्यासारखे नाहीच. गाडीवर जे मजूर आणि ड्रायव्हर होते ते पोट भरायला आलेले लोक होते, त्यांच्यावर पिस्तूल रोखण्याचा हक्क बापटांना कुणी दिला? आणि धरण थांबले नाही. गावे बुडाली ती बुडालीच. पिस्तुलाने मुळशीचे एक खाचरही वाचवले नाही.

पण एक गोष्ट मान्य करावी लागते. लपवून ठेवलेल्या शस्त्रामागे जी भीती असते, ती इथे नव्हती.

आजच्या कायद्यात हे कुठे बसते?

कुठेच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत तो कलम 96 ते 106 मध्ये होता. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे, मालमत्तेचे रक्षण करताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. मात्र धोका त्या क्षणी समोर हवा, बचावाला लागेल तेवढेच बळ वापरायला हवे आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. धमकी काल आली म्हणून आज गोळी झाडली, हा बचाव नाही. बापटांनी तसा दावाही केला नसता.

पिस्तूल बाळगण्याचा हक्क हा मात्र बचावाच्या हक्काहून वेगळा विषय आहे. अनेकांची इथेच गल्लत होते. बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, शस्त्र बाळगण्याचा हक्क कुणालाच आपोआप नाही.

हे असे का झाले, त्यालाही इतिहास आहे. 1878 च्या कायद्यातली वंशावर आधारलेली सूट 1920 च्या सुमारास नियमांतून गेली, परवान्याची अट राहिली. 1931 मध्ये, म्हणजे बापट हैदराबादहून सुटले त्याच वर्षी, कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पण डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी तो संविधानात आणण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. गुन्हेगारांसकट सगळ्यांनाच हा हक्क द्यावा लागेल, ही त्यांची अडचण होती. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेच्या संविधानात जे आहे ते आपल्या संविधानात नाही, ते विचार करून नाही.

1959 मध्ये स्वतंत्र भारताने आपला शस्त्र कायदा केला. त्याखाली आज 21 वर्षांवरील व्यक्तीला अर्ज करता येतो. संगमनेरच्या रहिवाशाचा परवाना अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून, जिल्हादंडाधिकारी म्हणून त्यांच्या सहीने निघतो. त्याआधी पोलिसांचा अहवाल लागतो. अर्जदारावर गुन्हे आहेत का, धोका खरा आहे का, हे पाहिले जाते. शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. 2016 च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. स्वसंरक्षणासाठी परवाना मागताना राहण्याच्या जागेमुळे किंवा व्यवसायामुळे जिवाला खरोखर धोका आहे, हे दाखवावे लागते. प्रतिष्ठा हे कारण अर्जात चालत नाही. लग्नाच्या फोटोत मात्र अनेकदा तेच दिसते.

मिळते काय? साधारणपणे .32 मापाचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. पोलीस आणि लष्कर वापरतात ते 9 मिलिमीटर नागरिकांना बंद आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात, आधी तीन होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असले पाहिजे. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणूक लागली की बहुतेकांना शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावे लागते. थोडक्यात, ज्या महिनाभरात गावातले वातावरण सर्वात तापलेले असते, नेमके तेव्हाच ते शस्त्र तुमच्याजवळ नसते.

उसातल्या बिबट्याची भीती दाखवून पिस्तूल मागण्याचा विचार असेल तर तो सोडलेला बरा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. प्रत्यक्ष हल्ल्यात जीव वाचवताना तो मेला तर कायदा सूट देतो, पण दिसला म्हणून गोळी घातली तर तुरुंग. आणि अंधारात झेपावणाऱ्या बिबट्यावर पिस्तुलाचा नेम लागणे, ही सिनेमातली गोष्ट आहे. पिकाच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना वेगळा असतो.

आणि गावठी कट्टा?

विनापरवाना साधे पिस्तूल सापडले तरी 2019 नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. कारण स्वसंरक्षण होते, हे सांगून यातून सुटका होत नाही.

कायदा बाजूला ठेवून निव्वळ मेकॅनिकलच्या नजरेतून पाहिले तरी कट्टा हा वाईट सौदा आहे. गोळी सुटताना नळीच्या मागच्या भागात तयार होणारा दाब कारच्या टायरमधल्या हवेच्या शेकडो पट असतो. कारखान्यात बनलेल्या प्रत्येक शस्त्राची नळी त्याहून जास्त दाबावर गोळी झाडून तपासलेली असते. कट्ट्याची नळी म्हणजे अनेकदा मिळेल तो पाइप. त्याचे पोलाद कोणते, जाडी सगळीकडे सारखी आहे का, खटका आपोआप पडू नये म्हणून काही सोय आहे का, हे कुणी तपासलेले नसते. फुटला तर तो धरणाऱ्याच्या हातात फुटतो. खिशात, कमरेला, दुचाकीच्या डिक्कीत चुकून गोळी सुटली तर पहिला जखमी बाळगणाराच.

परवान्याच्या चांगल्या पिस्तुलाचीही मर्यादा आहेच. ते काढून, रोखून, नेम धरायला काही सेकंद लागतात आणि हल्ला करणारा ते सेकंद देत नाही. थिएटरात बसलेल्या जॅक्सनपाशी किंवा तुरुंगाच्या पहाऱ्यातल्या गोसाईंपाशी शस्त्रांची आणि शिपायांची कमतरता नव्हती.

शेवटची 30 वर्षे

हैदराबादहून सुटल्यावर बापट फार दिवस बाहेर राहिले नाहीत. भाषणांवरून पुन्हा दीर्घ शिक्षा झाली आणि 1937 मध्ये ते सुटले. नंतर सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे महाराष्ट्रातले काम त्यांनी पाहिले. निजामाच्या राज्यातल्या सत्याग्रहात गेले. तुरुंगात आणि बाहेर लिहिणे, भाषांतर करणे चालूच होते. अरविंदांच्या दिव्य जीवन या अवजड ग्रंथाचे मराठी भाषांतरही त्यांनी केले. 15 ऑगस्ट 1947 रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला.

स्वातंत्र्यानंतर आपले काम संपले असे त्यांनी मानले नाही. मे 1955 मध्ये ना. ग. गोरे यांच्यासोबत सत्याग्रहींच्या तुकडीतून ते गोव्याच्या हद्दीत शिरले. समोर पोर्तुगीजांचे बंदूकधारी पोलिस. बापटांचे वय तेव्हा 74 होते आणि हात मोकळे होते. एडिंबरोच्या क्लबात नेम धरायला शिकून 50 वर्षे झाली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते पुढच्या रांगेत चालत राहिले.

28 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 1977 मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. मुळशीचे धरण आजही वीज बनवते.